वन्संच्या तीन खिडक्या आणि त्यांचा राडारोडा

आमच्या वन्संना कुणी काम सांगितलं, की त्या "बघते" म्हणत नाहीत, "करते" म्हणतात. त्यांचं जे काही वाटोळं झालं ते ह्या सवयीपायी झालं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला मला कुणाची चोरी नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिघा भावंडांतली मधली. वर दादा, म्हणजे आमचे थोरले दीर, आणि खाली आमचे हे. दादांच्या वाट्याला संसार आला, ह्यांच्या वाट्याला किल्ल्या बनवायचं दुकान आलं आणि वन्संच्या वाट्याला बाबा आले. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं तिशीच्या होत्या. "सध्या ताई आहे बाबांजवळ," असं सगळेच म्हणाले. वन्संचे केस पिकले तरी ते 'सध्या' काही संपलं नाही.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणांचं टेबल वन्संच्या हाताखाली आहे. शर्ट पुढे आला की बटण दोन बोटांत धरून पिरगळायचं, वर ओढायचं, आणि टिकलं तरच शर्ट पुढे सोडायचा. पोरं एकमेकांच्या कॉलरला धरून भांडतात, तेव्हा बटण तुटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. ही खोड इतकी हाडीमासी मुरलेली, की समोर कुणीही आलं तरी आधी त्याच्या शर्टाची बटणं बघतात. माझ्या लग्नात फोटो काढायच्या वेळी त्यांनी नवरदेवाचं बटण पिरगळून बघितलं, आणि ते त्यांच्या हातात आलं. सगळा मांडव थांबला, आणि नवरदेव उभ्या उभ्या शिवून घेत राहिले. मला ह्या घरात पहिल्यांदा कुणी आवडलं असेल तर त्या दिवशी वन्सं आवडल्या.

तर एका दुपारी त्या आमच्या दुकानामागच्या खोलीत आल्या. कामावरून लवकर सुटून कुठे जाणं हा त्यांचा स्वभाव नाही, त्यामुळे मी चपापलेच. म्हणाल्या, "मालकीणबाई दुसऱ्या गावी नवा कारखाना काढतायत. तिकडचं सगळं मी बघावं म्हणतात. शिवण, काजं, माणसं, सगळं. शाळा सुरू व्हायच्या आत हजर व्हायचंय."

"आणि राहायचं कुठे?"

"वरच खोली आहे." मग थोडं थांबून, शाळेतल्या मुलीसारख्या लाजून म्हणाल्या, "खोलीला दार आहे गं."

हे मी समजून घेऊ शकत होते. बाबांचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत बाबा. बाहेरच्या खोलीत वन्संची खाट, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. इस्त्रीवाला आला तरी त्यांची उशी त्याला दिसायची. इतकी वर्षं त्यांनी साडी बदलली ती मोरीत.

मी म्हटलं, डोळे मिटून जा. पण बाबांचं काय? बाबांची बुद्धी शाबूत आहे, स्वभाव तर लोण्यासारखा, पण खुर्चीतून उठायला त्यांना कुणाचा तरी हात लागतो. आमच्याकडे आणावं म्हटलं तर आमची झोपायची जागा दुकानाच्या माळ्यावर, शिडीने चढायची. तिथे बाबा चढणार कसे? राहता राहिले दादा. ते भाड्याच्या घरात, आणि घरमालकाशी त्यांचा रोजचा तंटा. बाबांच्याच घरी येऊन राहिले तर दोघांची सोय. हे इतकं सरळ होतं की मी दादांना आणि जाऊबाईंना बाबांच्या घरी बोलावलं आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं. बाबा तेव्हा आत झोपले होते.

दादा "हो" म्हणाले. मी पुन्हा लिहिते, हो म्हणाले. पण जाऊबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीच्या तळाशी अंगठ्याचं नख रोवलं. साबणात जावं तसं नख आत गेलं. त्या बाजूचा हिरवा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि आतून तपकिरी भुगा गळला.

त्याचं असं, की बाबा दर वर्षी ह्या खिडक्यांना हौसेने रंग द्यायचे. लाकूड ओलं आहे का, भेगा आहेत का, हे न बघता वरून रंग. हात चालेनासे झाले तेव्हा माणूस लावून द्यायला लागले. त्या चौकटींतलं लाकूड कधीच गेलं होतं, उभा होता तो नुसता रंग.

"असल्या कुजक्या खिडक्यांच्या घरात मी माझी माणसं आणायची नाही," जाऊबाई म्हणाल्या. "एवढ्या खिडक्या करून घ्या, दुसऱ्या दिवशी आम्ही सामान घेऊन हजर."

"करते," वन्सं म्हणाल्या.

"आणि बाबांना मी सांगतो ताई जाणार ते," दादा म्हणाले. "वेळ बघून सांगायला हवं. तुम्ही कुणी बोलू नका."

सुतार आला. चांगला जाणता माणूस, पण तोंडाने फटकळ. स्क्रूड्रायव्हरने तिन्ही चौकटी टोचून झाल्यावर म्हणाला, "बाई, चौकटी नव्या करून देतो. पण त्या पुन्हा कुजणार. तुमच्या खिडकीखालच्या कट्ट्याला उतार आतल्या बाजूला आहे. पाणी बाहेर जायच्या ऐवजी घरात मुक्कामाला येतंय. आधी गवंड्याकडून कट्टे फोडून घ्या."

गवंडी आला, म्हणाला, "चौकट भिंतीत असताना मी कट्टा फोडला तर भिंत माझ्या अंगावर येईल. आधी सुताराला म्हणावं, चौकट काढ."

सुतार म्हणाला, आधी गवंडी. गवंडी म्हणाला, आधी सुतार. दोघांचं आधीच कुठल्यातरी कामावरून बिनसलेलं होतं. एक यायचा तेव्हा दुसऱ्याचा पत्ता नसायचा. असं घोंगडं भिजत पडलं. शेवटी वन्संनी दोघांना एकच वेळ दिली, एकमेकांचा सुगावा लागू दिला नाही, आणि दोघे आत आल्यावर दाराला कडी घालून कडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ठरल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही," म्हणाल्या. ठरलं. त्या दिवशी मला वाटलं, ही बाई आता कुणाला ऐकत नाही.

पण चौकट निघाली ती एकटी निघाली नाही. तिला धरून बसलेल्या लोखंडी पट्ट्या भिंतीचे तुकडे घेऊन बाहेर आल्या. कट्टे फुटले, विटा निघाल्या, पोपडे, वाळू, काचा, कुजकं लाकूड. तीन खिडक्यांतून एवढा राडारोडा निघेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि इथून पुढे वन्संचं घोडं जे अडलं ते अडलं.

इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. त्यांना सगळे नोटीसवाले म्हणतात, कारण त्यांना बोलण्यापेक्षा चिकटवणं आवडतं. संध्याकाळपर्यंत नोटीस लागलीसुद्धा: राडारोडा जिन्यात ठेवू नये, आवारात ठेवू नये, गच्चीवर नेऊ नये. गॅलरीत ठेवायला गवंड्याने मनाई केली, भार पडेल म्हणून. मग राहिलं काय? वन्संची बाहेरची खोली.

वन्संनी राडारोडा गोण्यांत भरला. नुसता भरला नाही, विटा, माती, लाकूड सगळं एकत्र, पण मापाने भरला. सगळ्या गोण्या एका उंचीच्या. आणि तोंडं सुतळीने बांधायची सोडून, दाभणाने शिवली. दुहेरी दोऱ्याने, मागे टाका घेत, शेवटी तीन गाठी. मी म्हटलं, "अहो वन्सं, ही माती आहे, तिला काय कुणी कॉलरला धरणार आहे?" तर म्हणाल्या, "जिन्यात सुटली तर पुन्हा नोटीस लागेल."

गोण्या खाटेच्या दोन्ही बाजूंनी भिंतीसारख्या लागल्या. खिडकीच्या भोकाला प्लायवूड ठोकलेलं, त्यामुळे भरदिवसा दिवा. खाटेवर जायचं तर आडवं होऊन, पोट आत घेऊन. बाबांच्या खोलीत जायलाही तीच वाट. चहाचा कप घेऊन वन्सं त्या फटीतून जात तेव्हा मला बघवत नसे. अंगावर, उशीवर, डाळीच्या डब्यावर चुन्याची पूड. त्यांना दार असलेली खोली हवी होती, आणि इथे होती ती वाटही बुजली होती.

राडारोडा नेणाऱ्या गाडीवाल्याला गाठलं. त्याचा नियम एकच. गाडी भरल्याशिवाय तो येत नाही. "बाई, तुमच्या तीन खिडक्यांनी माझ्या गाडीचा तळसुद्धा झाकायचा नाही," म्हणाला. रोजच्या कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसांनी ओला घेतो, सुका घेतो, हा घेत नाही म्हणून हात झटकले. वन्सं त्यांच्याशी वाद घालत राहिल्या की हा सुकाच आहे, बघा हात लावून. आमच्या ह्यांनी सुचवलं, "मागच्या मैदानात टाकून देऊ, सगळे टाकतात." वन्संनी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे तडक दुकानात गेले. त्या मैदानात पोरं खेळतात, आणि गोण्यांत काचा होत्या.

मग वन्संच्या डोक्यात आलं. गाडी भरत नाही ना, मग गाडी भरायची. इमारतीतल्या सगळ्या खिडक्या एका वयाच्या, सगळ्यांचे कट्टे एकाच गवंड्याने चुकीच्या उताराचे केलेले. म्हणजे कुज सगळ्यांकडे असणार. कामावरून आल्यावर वन्सं स्क्रूड्रायव्हर घेऊन दारोदार फिरायला लागल्या. "काही नाही हो, जरा टोचून बघते." टोचायच्या, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जायचा, आणि त्या घरातल्या माणसांचे चेहरे पडायचे. आठवड्याभरात अर्ध्या इमारतीची झोप उडाली. नोटीसवाल्यांच्या खिडकीत तर पूर्ण दांडाच गेला. त्यांनी त्याची नोटीस काही लावली नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही. फोडाफोडी तर सुरू झालीच, पण सगळे प्रश्न घेऊन वन्संकडे. "ताई, चौकट अर्धीच कुजलीय, खालचा तुकडा बदलला तर चालेल का?" "ताई, आतून तेल पाजायचं की नुसता रंग?" "ताई, कट्ट्याखाली पाणी गळायला खाच ठेवतात म्हणे, ती किती आत?" बेल वाजायची थांबेना. वन्सं पोळी लाटता लाटता उठायच्या, फटीतून आडव्या होऊन दाराशी यायच्या आणि उत्तर द्यायच्या. खालचा तुकडा बदलला तर जोड तिरका घ्या. रंगाआधी लाकूड सुकू द्या. बाबा मजेत. इतक्या वर्षांत घरात इतकी माणसं आली नव्हती. खुर्चीत बसून प्रत्येकाला सांगत, "माझ्या पोरीला विचारा, तिला सगळं ठाऊक आहे."

मी वन्संना म्हटलं, "तुम्ही जाणार आहात हे विसरलात की काय? ही सगळी माणसं तुमच्या गळ्यात पडायला लागलीत."

"गाडी भरेपर्यंत," त्या म्हणाल्या.

गाडी भरण्याइतकं जमलं. गाडीवाला आला, आपल्या वन्संच्या गोण्या सगळ्यांत देखण्या. त्याने एक गोणी उचलली, हलवली, खाली ठेवली. "ह्यात लाकूड आहे."

"आहे. खिडक्यांचंच आहे."

"विटा-माती वेगळी आणि लाकूड वेगळं लागतं. तिकडे मिसळलेलं उतरवून घेत नाहीत. ह्या राहू द्या, पुढच्या खेपेला बघू."

बाकी सगळ्यांच्या गोण्या सुतळीच्या. गाठ सोडली, लाकूड बाजूला काढलं, पुन्हा बांधली, चालले. वन्संच्या गोण्या मात्र त्यांच्या स्वतःच्या हातच्या. दुहेरी दोरा, मागचा टाका, तीन गाठी. एकही उसवेना. गाडीवाल्याने थोडा वेळ वाट बघितली आणि सगळ्या इमारतीचा राडारोडा घेऊन तो निघून गेला. वन्संचा तेवढा राहिला. ज्या बाईने गाडी भरली तिच्याच गोण्या खोलीत परत आल्या. मी रडले. संताप आला की मला रडू येतं, त्याला माझा इलाज नाही. वन्सं रडल्या नाहीत. त्या जमिनीवर बसून कात्रीने एकेक टाका कापत होत्या, आणि म्हणत होत्या, "मी कधी सुटायला म्हणून शिवलंच नाही गं काही."

मालकीणबाईंचा निरोप येत होता. पहिल्यांदा वन्संनी मुदत मागून घेतली. दुसऱ्यांदा मालकीणबाई म्हणाल्या, आता मात्र ठरवा, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते. शेवटी दुसऱ्या रस्त्यावरच्या एका घराचं फोडकाम निघालं, त्यांच्या गाडीत वन्संच्या गोण्या गेल्या. नव्या चौकटी बसल्या, कट्टे बाहेरच्या उताराचे झाले, काचा लागल्या. खोलीत उजेड आला. वन्संनी खोली पुसून काढली आणि मला सांगितलं, "रविवारी दादाला बोलवू. सोमवारी मी मालकीणबाईंना हो सांगते."

रविवारी सगळे जमलो. बाबांची खुर्ची नव्या खिडकीपाशी ठेवली होती. दादांनी तिन्ही खिडक्या उघडून, मिटून पाहिल्या. जाऊबाईंनी चौकटीच्या तळाशी पुन्हा नख लावलं, ह्या वेळी ते नुसतंच घसरलं.

"अगदी दृष्ट लागण्यासारख्या झाल्यात," त्या म्हणाल्या.

"मग सामान कधी आणताय?" मी विचारलं. मला दम निघत नव्हता.

दादांनी खाकरून घेतलं. "तेच बोलायचं होतं. आमचा मालक आता नरमलाय. राहा म्हणतोय. आणि इथे आता बाबांची गैरसोय अशी काही उरलीच नाही. वारा लागत नाही, पाणी आत येत नाही. ताई आहेच. मग उगाच सगळ्यांनी हलवाहलव कशाला करायची?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडं लिहिते. मी म्हटलं, "ताई आहेच म्हणजे काय हो? त्यांना काय भिंतीत बसवलंय? खिडक्या करा, येतो, असं तुम्हीच म्हणालात. त्यांनी घरात माती उशाशी घेऊन दिवस काढले ते काय तुमच्या सोयीसाठी?" मग ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही तरी बोला." हे म्हणाले, "दादा म्हणतोय त्यातही—" पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "दादा, तू बाबांना सांगितलं आहेस ना?"

दादा वर पंख्याकडे बघायला लागले.

"काय सांगायचंय?" खुर्चीतून बाबांनी विचारलं.

मग वन्संनीच सांगितलं. उभ्या राहून, एका दमात. नवा कारखाना, गाव, माणसं, वरची खोली. दाराचं तेवढं सांगितलं नाही. त्यांचा आवाज हलला नाही, मला मात्र पदराचं टोक तोंडात धरावं लागलं.

बाबांनी सगळं ऐकलं. त्यांचा हात नव्या कट्ट्यावर होता. त्यांना राग आला नव्हता, तो आला असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, "मग खिडक्या कशाला केल्यास गं? मला वाटलं, तुला इथेच जन्म काढायचाय म्हणून एवढ्या पक्क्या करून घेतेयस. येईल त्याला मी तेच सांगत होतो. माझ्यानंतरही पोरीला घर चांगलं राहील म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "तू जा. माझी काळजी करू नकोस. मी राहीन एकटा."

आणि असं म्हणून त्यांनी सवयीने उठायला हात पुढे केला. खोलीत इतकी माणसं होती. वन्संनीच तो धरला.

"नाही जात, बाबा," वन्सं म्हणाल्या.

दादा लगेच म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?" जाऊबाईंनी चहा टाकला. मी तो प्यायले नाही, आणि त्या घरी पुढे कितीतरी दिवस दादा असताना मी पाऊल टाकलं नाही. त्याने कुणाचं काही अडलं नाही, हे मला माहीत आहे.

सोमवारी मी वन्संबरोबर कारखान्यापर्यंत गेले. मालकीणबाईंना त्यांनी स्वतःच्या तोंडाने "नाही जमणार" म्हणून सांगितलं. त्यांच्या जागी, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एकजण जाणार असं ठरलं. परत येताना रस्ता ओलांडायला थांबलो, तेव्हा वन्संनी माझा दंड धरला.

"मी एक विचारू गं?" म्हणाल्या. "मी खिडक्या केल्याच नसत्या, कुजक्याच राहू दिल्या असत्या, तर पाऊस लागायच्या आधी दादाला बाबांना स्वतःच्या घरी न्यावंच लागलं असतं ना?"

मला "हो" म्हणवेना. पण न्यावंच लागलं असतं.